सुताच्या गाठी

आमच्या १९९१ सालच्या प्रीमियर पद्मिनीतला रेडिओ गेल्या वैशाखात अक्कलकोटच्या वाटेवर, वळसंग मागे पडल्यावर, कायमचा गप्प झाला. गप्प झाला असे म्हणणेही त्याचा मान राखण्यासाठीच, कारण त्याआधीची तीन-चार वर्षे तो खरखरीशिवाय फारसे काही बोलत नव्हता आणि त्या खरखरीतला अभंग ओळखू येई तो फक्त माझ्या आईला. महिन्यातल्या एका गुरुवारी मी तिला स्वामींच्या दर्शनाला घेऊन जातो. घरात दुसरी, थंड हवेची गाडी असतानाही ती फियाटमध्येच बसते. (कागदोपत्री पद्मिनी असली तरी आमच्या गल्लीत त्या गाडीला फियाटच म्हणतात.) खरखर थांबली तेव्हा तिने एकदा डॅशबोर्डकडे पाहिले आणि पुढचा सारा रस्ता ती काही बोलली नाही. त्या शांततेमुळेच मी नवा रेडिओ बसवायचे ठरवले.

जुना रेडिओ गाडीपेक्षाही वयाने मोठा होता. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तो त्यांच्या आधीच्या गाडीतून काढून या गाडीत आणला आणि डॅशबोर्डच्या खाली पत्र्याच्या दोन पट्ट्यांना लटकवला. त्याला फक्त मध्यम लहरी लागत आणि समोर पाच बटणे होती. हवे ते केंद्र गोल खुंटीने लावायचे, मग एक बटण बाहेर ओढून पुन्हा जोरात आत दाबायचे, की ते केंद्र त्या बटणाच्या स्वाधीन झाले. आतल्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू त्या जागी घट्ट बसत आणि पुढच्या वेळी बटण दाबले की तीच यंत्रणा सुया आणि गाभे ढकलून नेमक्या जागी नेई. घरच्या रेडिओत केंद्र लावायला पात्यांचा फिरता कंडेन्सर असे. गाडीत खड्ड्यांनी ती पाती थरथरली असती, म्हणून गाडीच्या रेडिओत तारांच्या गुंडाळ्यांमध्ये फेराइटचे गाभे आत-बाहेर सरकवत. या रेडिओची स्मृती अशी लोखंडाची होती. बॅटरी काढून महिनाभर ठेवली तरी पहिले बटण पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर जाऊन थांबायचे ते थांबायचेच. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून मध्यम लहरी परतून दूरवर पोहोचतात, त्यामुळे तुळजापूरहून उशिरा परतताना घाट उतरला की भलत्याच प्रांतातल्या भाषा ऐकू येत आणि मागच्या सीटवर आम्ही भावंडे ती कोणती भाषा असावी यावर भांडत असू.

नवा सेट मी नवी पेठेतल्या एका दुकानातून आणला. आता जगभर या पेट्यांचे तोंड एकाच मापाचे असते, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, त्यामुळे सेट कोणाचाही घेतला तरी चौकट बदलावी लागत नाही. आमच्या गाडीत मुळात चौकटच नव्हती, म्हणून जुन्याच पट्ट्यांना भोके वाढवून सेटसोबत आलेली पत्र्याची बाही मी तिथे बसवली. एवढे काम अर्ध्या तासात झाले. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापले होते, त्यावर दुकानदाराने दोन वेळा बोट ठेवले आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली. तो आकडा खरा नसतो. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांशी १४.४ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तेवढ्या दाबातून ४ ओहमच्या स्पीकरला, कितीही कुशलतेने वापरला तरी, २६ वॅटच्या वर स्वच्छ आवाज देता येत नाही. हे गणित मला त्या दिवशी येत नव्हते. ते मी नंतर, पहिला सेट जाळल्यावर शिकलो.

दुकानदाराने बसवून देणारा मुलगाही सोबत देऊ केला होता. तो दुसऱ्या एका गाडीखाली तारा दाताने सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून मोकळा होत होता. पंधरा मिनिटांत काम होते, असे त्याने सांगितले आणि ते खरेही असावे. सोलापूरच्या उन्हात बंद गाडी उभी राहिली की चिकटपट्टीचा डिंक पातळ होऊन ओघळतो, पट्टी सुटते, आणि पिळलेला तांब्याचा टोक पत्र्याला लागतो. एका उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालेला धूर मी पाहिला आहे. म्हणून हे काम आपण करायचे, सांधे झाळून वर आकसणारी नळी चढवायची, असे ठरवून मी एका रविवारी सकाळी डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झालो. त्यात थोडा अहंकारही होता. आमच्या घरात कोणतेही यंत्र बाहेरच्या माणसाने उघडलेले अप्पांना खपत नसे.

खाली तोंड वर करून पाहिल्यावर पहिल्यांदा हसू आले आणि मग पोटात गोळा आला. सगळ्या तारा काळ्या होत्या. अप्पांनी बहुधा एकच रीळ स्वस्तात आणले असावे. नव्या सेटच्या तारांना ठरलेले रंग असतात. पिवळी तार बॅटरीतून सदैव जिवंत, लाल तार चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थची, निळी अँटेनाची, आणि पुढे पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या चार स्पीकरांच्या, ज्यांच्या प्रत्येकी एका जोडीदारावर काळी रेघ असते. इकडे माझ्या डोक्यावर सात-आठ काळ्या तारांची जुडी लोंबत होती. मग बॅटरीच्या उजेडात दिसले की प्रत्येक तारेच्या टोकापासून चार बोटांवर सुताची गाठ मारलेली आहे, कुठे लाल, कुठे हिरवी, कुठे निळी.

अप्पांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आठ यंत्रमागांचा लहानसा कारखाना होता आणि तिथे जेकार्ड चादरी निघत. चादरीचे उरलेले सूत आमच्या घरात सर्वत्र असे. वह्या त्यानेच शिवलेल्या, मिरच्यांच्या माळा त्यातच ओवलेल्या, पतंगाला शेपूट त्याचेच. तारांवरच्या गाठी विणकराच्या होत्या. मागावर तुटलेला ताणा जोडताना मारतात ती ही गाठ, इतकी सपाट बसते की फणीतून अडखळल्याशिवाय सरकते आणि ओढली की अधिकच घट्ट होते. पस्तीस उन्हाळे खाऊनही त्यातली एकही सुटली नव्हती. रंग उडाले होते, पण नखाने गाठ जरा सैल केली की आतल्या घडीत मूळ रंग सापडत होता.

टेस्ट लॅम्प घेऊन मी एकेक तार तपासली. लाल सुताची तार चावी फिरवताच दिवा पेटवत होती. हिरव्या सुताची गाडीचे दिवे लावल्यावर पेटली, म्हणजे ती रेडिओच्या तबकडीच्या उजेडाची. निळ्या सुताची तार मागे स्पीकरकडे जात होती. पांढऱ्या सुताची एक तार मात्र कशानेच पेटेना. चावी फिरवून, दिवे लावून, हॉर्न वाजवून, वायपर चालू करून पाहिले, तरी ती मेलेलीच. ती रेडिओपर्यंत पोहोचतही नव्हती, जुडीतून वरच्या वर निघून स्टिअरिंगच्या बाजूला कुठेतरी वळत होती. जुन्या गाडीत अशा बेवारशी तारा निघतातच. मी कटर हातात घेतला होता आणि ती कापलीही असती, पण तेवढ्यात आईने चहासाठी हाक मारली आणि मी बाहेर आलो. चहा झाल्यावर माझे लक्ष स्पीकरकडे गेले.

मागच्या काचेखालच्या फळीवर एकच मोठा अंडाकृती स्पीकर होता. त्याची एक तार, निळ्या सुताची, रेडिओपासून आलेली, आणि दुसरी तार जेमतेम वीतभर लांब, जवळच्याच पत्र्यावर स्क्रूने आवळलेली. मी नवा स्पीकर तिथेच बसवला. त्याची एक तार जुन्या निळ्या तारेला जोडून पुढे सेटच्या पांढऱ्या तारेला झाळली, दुसरी पूर्वीसारखीच पत्र्याला आवळली, आणि सेटमधून निघणारी, पांढऱ्यावर काळी रेघ असलेली तार उरली म्हणून टोकाला नळी चढवून बाजूला गुंडाळून ठेवली. ती का उरते, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. सेट लागला, काचेवर निळे आकडे उजळले, आकाशवाणीचे सोलापूर केंद्र सापडले आणि आवाज आला, पण घसा बसलेल्या माणसासारखा. मी आवाज वाढवला. मिनिटभराने सेटच्या पाठीला हात लावला तर चटका बसला आणि त्याच क्षणी आवाज गेला. फ्यूज शाबूत होता, आकडे उजळत होते, मात्र तो सेट त्यानंतर कधी बोलला नाही.

जुन्या एम्प्लॉयमेंट चौकाजवळच्या एका बोळात एक वयस्कर वायरमन बसतात. त्यांची घरची भाषा तेलुगू, दुकानातली सोलापुरी मराठी, आणि त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी जळालेला सेट त्यांच्यापुढे ठेवून काय काय जोडले ते सांगितले. ते सेटकडे न बघताच म्हणाले, “स्पीकरची एक वायर बॉडीला दिलासा ना, मालक? जुन्या गाडीत बॉडी म्हणजेच वायर असतीय की. नवीन सेटाला ते चालत नाही ओ.” मग त्यांनी पाटीवर खडूने काढून दाखवले ते मला आजवर कोणी इतक्या सरळ सांगितले नव्हते.

जुन्या काळी तांबे महाग आणि रेडिओ साधा. गाडीचा सारा पत्रा बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेलाच असतो, मग दिव्याला, हॉर्नला, स्पीकरला परतीची तार वेगळी कशाला ओढायची? एक तार न्यायची, परतीचा प्रवाह गाडीच्या अंगातून आपोआप येतो. अप्पांची जोडणी त्या रेडिओसाठी पूर्णपणे बरोबर होती. नव्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरसाठी आत दोन-दोन भाग असतात आणि ते स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी उलटसुलट ढकलतात, एक वर चढतो तेव्हा दुसरा खाली उतरतो. त्यामुळे स्पीकरला दुप्पट दाब मिळतो आणि दाब दुप्पट म्हणजे शक्ती चौपट. जुन्या रीतीने त्याच बॅटरीतून साडेसहा वॅट निघाले असते, या रीतीने २६ निघतात. मात्र याची किंमत अशी की स्पीकरच्या कोणत्याही टोकाला शून्य नसते, दोन्ही टोके बॅटरीच्या साधारण निम्म्या दाबावर, सहा-सात व्होल्टवर, तरंगत असतात. त्यातले एक टोक पत्र्याला लावले की सेटचा तेवढा भाग थेट जमिनीला टेकतो आणि जळतो. चांगल्या सेटमध्ये आपले आपण बंद होण्याची सोय असते. माझ्या स्वस्तातल्या सेटमध्ये ती एक तर नव्हती किंवा कामाला आली नाही. दुकानदाराला मी दोष देत नाही. उरलेली तार डोळ्यांसमोर असताना मी तिला गुंडाळून ठेवले होते.

दुसरा सेट आणला, या वेळी खोक्यावरचा आकडा न वाचता. मागे दोन स्पीकर बसवले, प्रत्येकाला पिळाची जोडतार पुढपर्यंत ओढली आणि अप्पांची निळ्या सुताची तार तिच्या जागी तशीच राहू दिली, फक्त दोन्ही टोके बंद केली. आता आवाज स्वच्छ आला. पण इंजिन चालू केले की त्या आवाजामागे डासासारखी एक बारीक कुणकुण सुरू झाली, जी अॅक्सिलरेटर दाबला की चढायची आणि सोडला की उतरायची. ती अल्टरनेटरची, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राची होती, हे अण्णांनी फोनवर ऐकूनच ओळखले. सेटची काळी तार मी लटकणाऱ्या जुन्या पट्टीला दिली होती आणि त्या पट्टीखाली रंग, गंज आणि पस्तीस वर्षांची धूळ होती. अर्थ तिथे अर्धवट लागत होता. सारा पत्रा एकसारखा शून्यावर असतो हा समज नव्या गाडीतही पुरता खरा नसतो, जुन्या गाडीत तर प्रत्येक गंजलेल्या सांध्यावर थोडा थोडा दाब अडतो आणि अल्टरनेटरचा गुरगुराट त्या फटीतून आवाजात शिरतो. पत्रा कानशीने चकचकीत होईपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून नवी अर्थ दिली, तेव्हा कुणकुण गेली. ठिणगीची टिकटिक थोडी उरली होती, ती इग्निशन कॉइलवरचा कंडेन्सर बदलल्यावर थांबली. अँटेनाच्या मुळाशीही तोच गंज आणि तोच उपाय. ती अँटेना पाऊण मीटरपेक्षा थोडी जास्त लांब आहे आणि एफएमची लहर सुमारे तीन मीटरांची असते, तेव्हा चतुर्थांशाच्या हिशोबात मध्यम लहरींसाठी लावलेली ती जुनी काठी एफएमला आयतीच बसली.

आता एकच अडचण राहिली. नव्या सेटला पिवळी तार लागते, कारण त्याची स्मृती लोखंडाची नाही. सदैव जिवंत वीज नसेल तर तो केंद्रे आणि वेळ दोन्ही विसरतो, आणि आईला अक्कलकोटला जाताना प्रत्येक वेळी केंद्र शोधून द्यावे लागले असते. लाल आणि पिवळी दोन्ही एकत्र करून थेट बॅटरीला जोडण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. तसे केले तर सेट चावीबरोबर बंद होत नाही. म्हणजे बॅटरीपासून आतपर्यंत एक वेगळी तार आणणे भाग होते. बॉनेट उघडून तिला वाट कुठून काढावी ते पाहत असताना बॅटरीच्या प्लसजवळ मला पांढऱ्या सुताची गाठ दिसली.

बेवारशी समजलेली ती तार तिथून निघत होती. बॅटरीपासून वीतभर अंतरावर तिला काचेच्या फ्यूजची नळी जोडलेली होती, आणि नळी रिकामी होती. म्हणूनच ती मेलेली वाटत होती. तिच्यामागे बोट फिरवत आत आलो, तर ती स्टिअरिंगच्या दांड्यामागे लपलेल्या एका छोट्या खटक्यापर्यंत गेली. तो खटका मी लहानपणापासून पाहिला होता आणि तो धुक्याच्या दिव्यांचा असावा असे समजत होतो, जरी आमच्या गाडीला धुक्याचे दिवे कधी नव्हते आणि सोलापुरात धुकेही फारसे पडत नाही. खटका दोन बाजूंचा होता. एका बाजूला चावीकडून येणारी वीज, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या सुताची, आणि मधल्या टोकावरून लाल सुताची तार रेडिओकडे. म्हणजे लाल तार चावीतून थेट येत नव्हतीच. खटका वर असला की रेडिओ चावीचा, खाली केला की चावीशिवाय, बॅटरीचा.

त्या खटक्याकडे मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. साधे चालू-बंदचे बटण लावून दोन्ही तारा रेडिओपाशी एकत्र केल्या असत्या तर बॅटरीची वीज लाल तारेतून उलटी इग्निशनकडे धावली असती आणि चावी खिशात असतानाही कॉइल तापत राहिली असती. अप्पांनी ते ओळखून दोन बाजूंचा खटका शोधून आणला होता. त्यांचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. पण जेकार्डच्या मागावर कोणता धागा उचलायचा आणि कोणता तसाच ठेवायचा हे छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून आयुष्यभर वाचणाऱ्या माणसाला तीन तारांच्या खटक्याचे काय अवघड वाटावे?

मला वाटले, आई गाडीत बसून राहिली की तिला ऐकायला मिळावे म्हणून त्यांनी हे केले असणार. तसे मी तिला विचारलेही. ती म्हणाली, “माझ्यासाठी कशाला? तेच बसायचे. लोडशेडिंगमध्ये घरात उकडायचं, ट्रान्झिस्टरचे सेल संपलेले असायचे, मग दारं उघडी टाकून गाडीत जाऊन बसायचे. क्रिकेट असलं की निम्मी गल्ली बॉनेटला टेकून उभी असायची.” मग मला ते आठवले. म्हणजे गल्लीतली गर्दी आठवली, अंधारात विडीची लाल टोके आठवली, फक्त त्या वेळी चावी कुठे असे हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

सेटची पिवळी तार मी पांढऱ्या सुताच्या तारेला जोडली, लाल तार खटक्याच्या मधल्या टोकाला, आणि रिकाम्या नळीत १० अँपिअरचा नवा फ्यूज घातला. अप्पांच्या कोणत्याही गाठीला हात लावला नाही. माझ्या नव्या सांध्यांवरही सूत बांधावे असे वाटले, पण विणकराची गाठ मला येत नाही. दोन-तीनदा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी ती आपली साधी गाठच होऊन बसली. शेवटी आईने बांधून दिली.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही दोघे अंगणात गाडीत जाऊन बसलो. खटका खाली केला, चावी घरातच खुंटीवर होती. विविध भारती लागले होते, आई मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती, दारे उघडी होती आणि वारा तेवढा नव्हता. अकराच्या सुमारास तिला झोप आली, मी आवाज अगदी कमी केला, तिला हाताला धरून आत नेले, आणि कडी घातली.

सकाळी दूध आणायला निघालो तर स्टार्टरने नुसते टक्क केले. बॅटरी तीन वर्षांची जुनी, त्यात कमी आवाजातही सेट साधारण एक अँपिअर ओढत रात्रभर चालला होता. शेजारचे दोघे आणि पेपरवाला मुलगा अशा तिघांनी धक्का मारत गाडी कोपऱ्यापर्यंत नेली, तिथल्या उतारावर मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि ती फडफडत चालू झाली. वळसा घालून परत आलो तेव्हा आई फाटकात उभी होती.

“यांनीही दोनदा असंच केलं होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा झालं तेव्हाच तर मी तो काचेचा फ्यूज काढून ठेवला.”

तो तिने काढला होता हे मला तोवर सुचलेच नव्हते. मी सेटकडे पाहिले. आठ वाजून वीस मिनिटे झाली होती आणि सेटच्या काचेवर बारा वाजले होते.